वाइंडरबाईंची पवनचक्की

जळलेली मोटार दुकानात आली की वाइंडरबाई आधी तिचा वास घ्यायच्या. एक श्वास घेतला की सांगून मोकळ्या: ही पाणी शिरून गेली, ही जास्त दाबाने गेली आणि हिला मालकाने मारलं. मालकाने मारलं म्हणजे बेअरिंग खरखरत असताना दोन महिने तशीच रेटली. गिऱ्हाईक ओशाळून हसायचं. मग बाई मोटार उघडायच्या, करपलेली तांब्याची तार उपसून काढायच्या आणि नवी भरायला, म्हणजे वाइंडिंग करायला बसायच्या. एकेका कॉइलला ऐंशी-नव्वद वेढे, तोंडाने पुटपुटत मोजलेले. मोजणी चालू असताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. घराला आग लागली तरी आधी वेढे पुरे होतील आणि मग बादली उचलली जाईल, असं त्यांच्या सासूबाई म्हणत.

हे काम त्या शिकल्या तेही कडेकडेने. लग्नाआधी एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्या झाडलोट करायला लागल्या होत्या. तिथल्या उस्तादांची नजर अधू झाली, बारीक तार दिसेना, तेव्हा त्यांनी बाईंना बसवलं. पुढे उस्ताद गेले आणि टेकाडाखालच्या रस्त्यावरची ती दहा बाय बाराची खोली बाईंकडे आली. बाईमाणूस मोटार काय भरणार, असं म्हणणारे सुरुवातीला बरेच होते. त्यांच्या मोटारी दुसरीकडे भरून आल्या, पुन्हा जळल्या आणि मग बाईंकडे आल्या.

घर टेकाडाच्या माथ्यावर होतं, रस्त्यातलं शेवटचं. नवरा जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात बाई, सासूबाई आणि सासरे अशी तिघं. सासरे जुने सुतार. कानाला पेन्सिल आणि हातात काटकोन तपासायचा लाकडी मुठीचा गुण्या घेऊन सारा जन्म गेला, म्हणून सगळा रस्ता त्यांना गुण्याबाबा म्हणायचा. काटकोनात नसलेली वस्तू त्यांना खपायची नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी चहा यायच्या आत टेबलाचा कोपरा तपासून व्हायचा. हात थरथरायला लागले तशी हत्यारं पेटीत गेली आणि बाबा खिडकीत. सुनेशी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. चहा घ्या, औषध घेतलं का, दार लावून घ्या, एवढ्या तीन वाक्यांवर दोघांचं वर्षानुवर्षं निभावलं होतं. विजेचं काम म्हणजे न दिसणारं काम, आणि जे दिसत नाही ते बाबांच्या लेखी काम नव्हतं.

मग सासूबाईंची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने नाकात सोडणारं, उशाशी घुंई घुंई करणारं. ते चालू असेपर्यंत सासूबाई उठून बसायच्या, शेजारपाजारच्या सुनांची हजेरी घ्यायच्या. बंद पडलं की तासाभरात त्यांचे शब्द तुटायला लागायचे.

आणि वीज तर रोजची रुसलेली. माथ्यावरच्या चार घरांसाठी तारा खिंडीतून वर आणलेल्या. वारा वाढला की त्या एकमेकींवर आपटायच्या आणि सगळा माथा बंद पडायचा. असंच एकदा भर दुपारी झालं. इन्व्हर्टर दोन तास चालला. मग प्राणवायूचा सिलिंडर लावला, तो अर्धाच भरलेला होता. चार वाजता सासूबाईंचे ओठ निळसर दिसायला लागले. बाईंनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि शेजारच्या मास्तरांच्या गाडीत घालून खाली दवाखान्यात नेलं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आवाज अजून वर्गातला. वाटेत ते पाच वेळा म्हणाले की काही होणार नाही, आणि पाचही वेळा त्यांचा आवाज कापला.

सासूबाई वाचल्या. पण त्या दिवशी त्यांनी सुनेचं मनगट धरून ठेवलं होतं, त्याचे वळ बाईंच्या हातावर दोन दिवस राहिले.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बाई वीज कार्यालयात गेल्या. खिडकीपलीकडच्या कारकुनाने नकाशा काढून दाखवला. खांब बदलायचं काम मंजूर होतं, पुढच्या वर्षी होणार होतं. बाईंनी विचारलं, गेल्या वर्षी विचारलं असतं तर पुढचं वर्ष कुठलं असतं? कारकून माणूस भला होता. तो हसला, मग त्यालाच वाईट वाटलं, आणि त्याने एक अर्ज पुढे केला.

अर्ज हातात धरून बाई चढण चढत होत्या. वाऱ्याने तो कागद दोनदा हिसकायला पाहिला. बाई थांबल्या. खिंडीतून येणारा वारा नेहमीसारखा अंगावर येत होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या वाऱ्याला शिव्याच दिल्या होत्या. वाळत घातलेले कपडे त्याने नेले, कौलं नेली, आता वीज नेत होता. पण वीज जायची ती वाऱ्यामुळे, म्हणजे वीज गेली की वारा हमखास हजर. मोटारीला वीज दिली की ती फिरते, आणि आत चुंबक बसवून तिलाच फिरवलं की ती वीज देते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ज्याने नेलं त्याच्याकडूनच वसूल करायचं, एवढंच. घरी पोहोचेपर्यंत अर्जाच्या पाठीवर कॉइलची आकृती निघाली होती.

पहिली पवनचक्की त्यांनी छताच्या जुन्या पंख्यातून केली. आत चुंबक चिकटवले, प्लॅस्टिकच्या पाइपाची पाती कापली आणि ती घराच्या छपरावर बसवली. फिरली तर खरी, पण तिच्याबरोबर घरही थरथरायला लागलं. भिंतीतून असा घुमारा यायचा की फळीवरचे पेले आपापसात बोलायला लागले. वीज मिळाली ती एक दिवा मिणमिणेल एवढी. सासूबाई म्हणाल्या की हा घरजावई दिसतोय, आवाज मोठा आणि कमाई बेताची. तेव्हापासून तिचं नाव जावईबापू पडलं.  बाबांनी फक्त फळीवरचे पेले उतरवून खाली ठेवले, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बाईंनी जावईबापूंना आठव्या दिवशी खाली उतरवलं. मग एक लांब बांबू आणला, त्याला हातभर अंतरावर रंगीत चिंध्या बांधल्या आणि तो छपरावर उभा धरून बघितलं. छपराजवळच्या चिंध्या वेड्यासारख्या चारी बाजूंना फडफडत होत्या, क्षणात इकडे, क्षणात तिकडे. वरच्या मात्र एका दिशेला ताठ. बाईंच्या लक्षात आलं. वारा घरावर आपटून फुटतो. छपराला लागून असतो तो वारा नव्हे, वाऱ्याचा चुरा. त्याच्यातून काही निघायचं नाही. घरापासून लांब, मोकळ्यावर आणि चांगलं उंच गेलं पाहिजे.

दुसरी पवनचक्की करायला चार महिने गेले. दिवसा दुकान, संध्याकाळी हे. मोटारगाडीच्या जुन्या चाकाचा बेअरिंगसकट गाभा घेतला, त्यावर लोखंडाच्या दोन चकत्या आणि चकत्यांवर चुंबक. मधे नऊ कॉइली, राळेत ओतून घट्ट केलेल्या. हे काम बाईंचंच होतं आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. घरामागच्या मोकळ्या जागेत चाळीस फुटी लोखंडी पाइप उभा राहिला, चारी बाजूंनी तारांचा ताण दिलेला. पाती मात्र पुन्हा प्लॅस्टिकचीच.

सतरा दिवस ती सुरेख चालली. बॅटऱ्या भरल्या. वीज दोनदा गेली आणि सासूबाईंना कळलंसुद्धा नाही. अठराव्या दिवशी सकाळी वावटळ उठली. पाती इतक्या वेगाने फिरायला लागली की दिसेनाशी झाली, नुसता पांढुरका गोल आणि एक चिरका आवाज. बाई विजेचा ब्रेक दाबायला धावल्या, पण पोहोचायच्या आतच एक पातं तुटलं. ते भिरभिरत गेलं आणि मास्तरांच्या पाण्याच्या टाकीत आरपार घुसलं. मास्तर तेव्हा टाकीपासून दहा पावलांवर तोंड धूत होते.

रस्त्यातली माणसं जमली. मास्तर ओरडले नाहीत. ओले हात तसेच लोंबते ठेवून ते म्हणाले, "बाई, तुमच्या घरातलं माणूस जगावं म्हणून आम्ही सगळ्यांनी मरायचं का?"

 नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्यालाही सगळं कळलं होतं. त्याने समजुतीने सांगितलं की आता पुरे. खाली भाड्याची खोली बघू, आईला तिकडे नेऊ. पण सासूबाईंनी माथा सोडायला साफ नकार दिला होता. खालच्या धुरात यंत्र असून मला श्वास यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि डॉक्टरही त्याला हो म्हणाले होते. बाईंनी नवऱ्याला सांगितलं की त्या चुकल्या आहेत, पण जे चुकलं ते नेमकं काय हे कळायच्या आत त्या थांबणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या नवी टाकी घेऊन मास्तरांकडे गेल्या. स्वतः नळ जोडून दिला, माफी मागितली. निघताना म्हणाल्या, "ते तुटलेलं पातं तुमच्याकडे आहे ना, ते मला द्याल?"

मास्तर बघतच राहिले. पण त्यांनी दिलं.

पात्याचा तुकडा ओसरीवर ठेवून बाई त्याच्यासमोर बसल्या होत्या. बाबा खिडकीतून उठून आले. इतक्या दिवसांत बाईंच्या कामाजवळ पहिल्यांदाच. त्यांनी तुकडा उचलला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि वासही घेतला.

"याला रेषा नाही," ते म्हणाले. "लाकडाला रेषा असते. रेषेच्या कलाने गेलं तर ते वाकतं, सावरतं. हे नुसतं गोठलेलं आहे. गोठलेलं फुटणारच."

त्या संध्याकाळी हत्यारांची पेटी उघडली गेली. रंधे, पटाशा, तीन आकारांच्या करवती, सगळं तेल लावून जुन्या कापडात गुंडाळलेलं. बाबांनी रंधा हातात घेतला, फळीवर टेकवला आणि दोन हात पुढे नेला. फळीवर नागमोडी ओरखडा उठला. हात थरथरतच होते. त्यांनी रंधा खाली ठेवला. बाईंना वाटलं की आता पेटी पुन्हा बंद होणार.

पण बाबांनी रंधा सुनेकडे सरकवला. "डोळे माझे आहेत," ते म्हणाले. "हात तुझे लाव."

पुढचे दोन महिने ओसरीवर सुताराची शाळा भरली. बाबा खुर्चीत, बाई फळीवर ओणवलेल्या. मुळाशी जाड आणि जास्त तिरपं, टोकाकडे पातळ आणि जवळजवळ सपाट, असं पातं त्यांना लाकडातून काढायचं होतं. बाबांच्या जिभेला धार होती. बाईंनी जोरात रेटलं की ते विचारायचे, लाकूड तुझं काही लागतं का, एवढा राग कशाला? पहिलं पातं सतराशे साठ चुका करून वाया गेलं. दुसरं जमतंय असं वाटेपर्यंत एका गाठीवर चिरलं. बाईंच्या तळव्यांना फोड आले. दुकानात बारीक तार हातात धरवेना. पण वीस वर्षं वेढे मोजलेल्या बाईला कंटाळा हा प्रकार माहीत नव्हता. सासूबाई नळी लावून दारात बसायच्या आणि दोघांचं ऐकायच्या. त्या डॉक्टरांना म्हणाल्या की पन्नास वर्षांत नवऱ्याने माझ्याशी जेवढं बोलणं केलं नाही तेवढं दोन महिन्यांत सुनेशी केलं, तेव्हा आता मला औषध नको, रंधाच द्या.

तीन पाती झाली. बाबांनी ती खिळ्यावर तोलून घेतली. एक पातं जराशी मान टाकत होतं, म्हणून त्याचा कागदाएवढा पापुद्रा काढला. तेव्हा कुठे ते हूं म्हणाले.

पण खरा घोर पुढेच होता. पाती कितीही चांगली असली तरी वावटळ आली की वेग वाढणारच. तो आपोआप आवरला पाहिजे. बाईंना इतकं ठाऊक होतं की जोराचा वारा आला की पवनचक्कीने तोंड फिरवायला हवं, आणि वारा ओसरला की पुन्हा सरळ व्हायला हवं. पात्यांचं चक्र खांबाच्या मध्यापासून थोडं बाजूला बसवलं तर जोराचा वारा तिला वळवील. पण परत कोण आणणार? स्प्रिंग लावून पाहिली, ती गंजून अडकेल अशी धास्ती. आठ दिवस बाई जेवतानाही हाताने हवेत काहीतरी वळवत बसायच्या.

बाबांनी त्यांना उठवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. दार पूर्ण उघडलं आणि सोडून दिलं. ते हळूहळू आपलं आपण बंद झालं. या घरात बाई बावीस वर्षं ते दार ढकलत होत्या, पण ते आपणहून का मिटतं हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"बिजागरी तिरकी आहे," बाबा म्हणाले. "दार उघडताना किंचित वर उचललं जातं. मग त्याचंच वजन त्याला परत आणतं. जन्मात एकदाच मुद्दाम काटकोन सोडला, तो इथे. तुझी सासू दार उघडं टाकायची म्हणून."

पवनचक्कीला मागे शेपूट असतं, ते तिला वाऱ्याकडे तोंड करून धरतं. बाईंनी ते शेपूट तिरक्या बिजागरीवर बसवलं. जोराच्या वाऱ्यात चक्र शेपटाकडे वळणार, तसं शेपूट वर उचललं जाणार. वारा उतरला की शेपटाचं वजन सगळं पुन्हा सरळ करणार. स्प्रिंग नाही, विजेची कळ नाही. लोखंडकाम करणाऱ्या जोडाऱ्याकडून ती बिजागरी करून घेताना बाबा स्वतः गेले आणि जोडाऱ्याला तिरकस कोन तीनदा मोजायला लावला. त्याने दबकत विचारलं की बाबा, तुम्ही, आणि तिरकं? बाबांनी त्याला कामाकडे बघायला सांगितलं.

उभारायच्या दिवशी उतरवून ठेवलेला खांब पुन्हा वर घ्यायला माणसं हवी होती. बाई दारोदार गेल्या. काय चुकलं होतं आणि आता काय वेगळं आहे, हे त्यांनी प्रत्येक घरी न लपवता सांगितलं. मास्तरांच्या घरी त्या शेवटी गेल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, बिजागरी बघायला मागितली. मग म्हणाले की टाकीच्या बाजूचा ताण मी स्वतः धरीन, म्हणजे खात्री होईल. रविवारी सकाळी सात माणसांनी चरखी फिरवत आणि ताण धरत तो खांब उभा केला. मास्तर वर्गात कवायत घेतल्यासारखे आकडे मोजत होते. खांब सरळ झाला तेव्हा बाबांनी ओळंबा धरून बघितला आणि एका तारेचा ताण अर्ध्या आट्याने वाढवायला लावला.

परीक्षा पाच आठवड्यांनी आली. दुपारी बारालाच आभाळ पिवळट झालं. साडेबाराला खिंडीत तारा आपटल्या आणि माथ्यावरची वीज गेली. बाई खाली दुकानात होत्या. मोटार अर्धी भरलेली, बेचाळिसावा वेढा चालू होता. त्या उठल्या. वेढे अर्धवट टाकून उठण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. वाऱ्यापावसात वाकून चढण चढत त्या घरी पोहोचल्या.

मागच्या अंगणात बाबा भिंतीला धरून उभे होते. वर पवनचक्की वाऱ्याच्या झोतासरशी अंग चोरून वळत होती, शेपूट उचललं जात होतं, झोत गेला की संथपणे परत येत होतं. पाती दिसत होती. एकेक पातं वेगळं दिसावं एवढ्याच वेगात ती फिरत राहिली. कुंपणापलीकडे मास्तर डोक्यावर हात धरून वर बघत होते.  वादळ साडेचार तास चाललं, आणि माथ्यावर वीज यायला त्यानंतर दोन दिवस लागले.

त्या दुपारी बाई आत गेल्या तेव्हा यंत्र घुंई घुंई करत होतं. सासूबाई पाठीशी उशी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मास्तरांच्या घरातला फोन चार्जिंगला लावलेला होता. सुनेला भिजलेली, धापा टाकताना बघून त्या म्हणाल्या, "अगं, तुला लावू का नळी?"

बाई जमिनीवर बसल्या आणि हसता हसता रडल्या. मग उठून बॅटऱ्या तपासायला गेल्या.

सासूबाई त्यानंतर तीन वर्षं आणि दोन महिने जगल्या. गेल्या त्या वयाने, आपल्या अंथरुणात, यंत्र चालू असताना. वाऱ्याचे महिने संपले की पवनचक्की ढिम्म उभी राहायची आणि घर तारेवरच्या विजेवर चालायचं. बाई कुणापासूनही ते लपवत नसत. खांब अखेर बदलले गेले, कारकुनाने स्वतः येऊन ते कळवलं, आणि पवनचक्की बघून अर्धा तास प्रश्न विचारत बसला.

आता बाईंच्या दुकानात मोटारींबरोबर पवनचक्क्याही होतात. आजवर अकरा झाल्या. मागायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या नाहीच म्हणतात. घर खोलगट जागी असलं, भोवती उंच झाडं असली तर तुम्हाला ही नको, असं तोंडावर सांगतात आणि गिऱ्हाईक परत पाठवतात. बारावी पलीकडच्या डोंगरावरच्या दवाखान्यासाठी चालली आहे. पाती बाईंनी घडवली, पण तीन वेळा नापास होऊन मगच ती पास झाली, कारण ऐंशी वर्षांचे परीक्षक अजून खुर्चीत बसतात. परवा टेम्पोत खांब आणि चकत्या चढवून झाल्या तेव्हा बाबा टोपी घालून, ओळंबा खिशात टाकून, चालकाशेजारी आधीच जाऊन बसले होते. डोंगरावरचा रस्ता खराब आहे, तुम्हाला सोसायचा नाही, असं बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. बाबांनी खिडकीची काच वर केली. बाई मग मागच्या फळीवर पाती मांडीवर घेऊन बसल्या आणि त्यांनी चालकाला गाडी सोडायला सांगितलं.